फिरणं न्हाई, चालणं

ताडकळसच्या आठवडी बाजारात एक काळ असा होता की बायनाबाई पिशवी घेऊन येताना दिसली, की वांगेवाला आधीच हात जोडायचा. "वैनी, तुमीच काय तो भाव सांगा अन् मला मोकळं करा." कारण एकदा घासाघीस सुरू झाली की वांग्याचा, वांग्यातल्या किडीचा अन् शेवटी वांगेवाल्याच्या खानदानाचा उद्धार व्हायचा. भोवती माणसं हसत उभी राहायची, अन् त्या गर्दीत त्याची टोपली रिकामी व्हायची ती वेगळीच. लग्नात विहिणीला टोमणे मारायला बायनाबाईला खास बोलावणं असायचं. तिच्या तोंडी लागायची गावात कुणाची टाप नव्हती. नवरा महारुद्र तर जन्मात तिच्याशी भांडून जिंकला नाही, अन् त्याला त्याची खंतही नव्हती. उलट पारावर बसून कौतुकानं सांगायचा, "आमच्या घरी रेडिओ घ्यायची गरजच पडली न्हाई."

अशी बाई गप झाली.

का, म्हणून तुम्ही विचाराल. साऱ्या गावानं तेच विचारलं. लेक सुखानं नांदत होती. मुलगा बालाजी बसस्टँडजवळ मोटार रिवायंडिंगचं दुकान चालवत होता अन् उरलेल्या वेळात शेत बघत होता. नवरा देवमाणूस. "काय कमी हाय तुला?" हे बाया तिला तोंडावर विचारायच्या, अन् तिला सगळ्यात जास्त टोचायचं ते हेच. कारण कमी काहीच नव्हतं, हे तिलाही दिसत होतं. पण डोक्यात ओला कापूस ठासून भरल्यासारखं जड असायचं. सकाळी डोळा उघडला की वाटायचं, झालं, पुन्हा उजाडलं. वेणी घालायची म्हटलं तरी हात वर जाईना. कुणी हसलं तरी हिला कळायचं नाही की यात हसण्यासारखं काय आहे. पुढं पुढं बाजाराला जाणंही तिनं सोडलं.

रिवाजाप्रमाणे आधी नजर उतरवून झाली, मग लिंबू झालं, मग ताईत झाला, मग सलाईन झालं. सलाईनवर आपल्याकडच्या लोकांचा देवापेक्षा जास्त भरोसा. बाटली टांगली की माणूस उठलंच पाहिजे! बायनाबाईला बाटल्यांवर बाटल्या लावल्या. ती पडल्या पडल्या थेंब बघत राहायची अन् बाटली संपली की कुशीवर वळायची.

एका दुपारी बालाजी जेवायला घरी आला, तर माय ओट्यापाशी फरशीवर बसलेली. पुढं परात, परातीत कोरडं पीठ, अन् हात मांडीवर. "माय, काय झालं?" त्यानं विचारलं. ती भिंतीकडं बघत म्हणाली, "मी नसले तर तुमचं समद्यांचं सोपं होईल रे." भाजीत मीठ कमी पडलंय हे सांगावं, इतक्या साध्या आवाजात. बालाजी तसाच उपाशी उठला, दुकान शेजारच्याच्या भरवशावर टाकलं, गाडी ठरवली अन् मायबापाला घेऊन थेट परभणी गाठली.

तिथं मनाच्या डॉक्टर होत्या, उत्तरा मॅडम. त्यांनी घाई न करता सगळं विचारलं, ऐकलं, अन् सांगितलं, "हे दुखणं आहे. नाटक नाही, आळस नाही, बाहेरचंही काही नाही. शुगर होते, बीपी होतं, तसं हे डिप्रेशन. बरं होतं." बायनाबाईनं मान वर करून त्यांच्याकडं बघितलं. तुला काय कमी आहे, असं न विचारणारं हे पहिलंच माणूस होतं. मॅडमनी गोळ्या लिहून दिल्या अन् महारुद्रला बजावलं, "यांना रोज सकाळी फिरायला न्या. अर्धा तास तरी. गोळीइतकंच ते महत्त्वाचं आहे, विसरू नका."

महारुद्र कसला विसरतोय! शब्दाचा पक्का माणूस. दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आत त्यानं मोटारसायकल पुसली, मागच्या सीटवर घडी घालून चादर टाकली, बायकोला बसवलं अन् पूर्णेच्या रस्त्याला लागला. एक दिवस पूर्णेकडं, एक दिवस परभणीच्या अंगाला. वाटेत हॉटेलात भजी खाऊ घालायचा, चहा पाजायचा अन् घड्याळ बघून अर्धा तास भरला की घरी आणून सोडायचा. बायनाबाई मागं बसून गाठोड्यासारखी जायची अन् गाठोड्यासारखी यायची. पण महारुद्रनं एका दिवसाचा खाडा पडू दिला नाही.

पुढच्या खेपेला मॅडमनी विचारलं, "झोप बरी आहे म्हणता, पण चेहरा तसाच दिसतोय. फिरायला नेता ना?"

"म्हंजे काय! रोज," महारुद्र छाती काढून म्हणाला. "परवा तर रस्त्यात पेट्रोल संपलं, तरी फिरवूनच आणलं."

"पेट्रोल?" मॅडमचा पेन हातातच राहिला.

मग सगळा उलगडा झाला. मॅडम खुर्चीत मागं टेकून इतक्या हसल्या की बाहेरची नर्स डोकावून गेली. "काका, गाडीवर नाही हो! पायी. यांना चालवायचंय, पायी!"

महारुद्र कानापर्यंत लाल झाला. "मग तसं चालणं म्हणावं की, मॅडम. फिरणं म्हंजे फिरणं."

बरोबर होतं त्याचं. आपल्याकडं 'फिरून आलो' म्हणजे माणूस तुळजापूर-माहूर करून आलेला असतो. मॅडमनीही ते कबूल केलं अन् या वेळी फोडून सांगितलं. चालायचं, अन् झपझप. चालता चालता बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणायला दम पुरू नये, इतकं. अंग हललं, छाती भरून श्वास गेला की झोप सुधारते, मन हलकं व्हायला लागतं. एका दिवसात नाही, हळूहळू. गोळी मात्र आपल्या मनानं सोडायची नाही. गोळी अन् चालणं, दोघांनी मिळून ओढायचं. बायनाबाई सगळं ऐकत होती. उठता उठता म्हणाली, "सारा जलम गेला चालण्यात. आता औषध म्हणून बी चालू?" कित्येक महिन्यांत तिच्या तोंडून निघालेलं हे सगळ्यात लांब बोलणं होतं.

अन् दुसऱ्या दिवशी ती निघाली. पण चालणं काय सोपं आहे होय आपल्या मुलखात! रस्त्यानं बाईमाणूस पायी चाललंय अन् गाडीवाला न थांबता पुढं गेला, असं होत नाही. थांबायचं ही त्याची माणुसकी, अन् नको म्हणायचं हा आपला माज. पहिल्याच सकाळी दूधवाल्यानं गाडी लावली.

"बसा की, मावशी."

"नको रे."

"बसा वो, तिकडंच जायलोय."

"मी कुठंच जायले न्हाई."

आता याला काय म्हणावं? हातात पिशवी नाही, डोक्यावर टोपलं नाही, कमरेला विळा नाही, अन् बाई म्हणते मी कुठंच जायले न्हाई! दूधवाला घाबरून निघून गेला अन् गावभर खबर झाली. तिसऱ्या दिवशी महारुद्रचा चुलतभाऊ आबासाहेब आपल्या नव्या गाडीतून येत होता. त्यानं पाहिलं, वैनी एकटी, रिकाम्या हातानं, तरातरा चालली आहे. त्यानं मनाशी ताडलं की नवरा-बायकोचं वाजलं अन् वैनी रुसून माहेराला निघाली. त्यानं तिला दटावून गाडीत घातलं, दारात आणून उतरवलं अन् साऱ्या गल्लीदेखत महारुद्रला झापलं, "पन्नाशी उलटली दादा, आता तरी बायकोला नीट नांदवा!" महारुद्र तोंडात ब्रश धरून ऐकत राहिला.

खरं सांगून टाकावं तर तीही पंचाईत होती. बालाजीचं लग्न करायचं होतं. शेती असलेल्या पोराला आजकाल पोरगी मिळणं म्हणजे काय दिव्य आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्यात आईला डोक्याचा आजार आहे असं कळलं, की संपलंच. म्हणून महारुद्रनं अक्कल चालवली. पारावर जाऊन त्यानं सांगून टाकलं, "तिनं नवस बोललाय. फाट्यावरच्या मारुतीला रोज पायी जायचं." आता, ब्रह्मचारी देवाला बाईचा नवस कशाला? पण घाईत त्याला स्वतःच्याच नावाचा देव सुचला, त्याला बिचारा काय करणार! लोकांना मात्र ते बरोब्बर पटलं. नवसाच्या बाईला गाडीवर घेतलं तर पाप आपल्याला लागायचं. दुसऱ्या दिवसापासून एकही गाडी थांबली नाही. उलट काही जण जाता जाता हँडलवरचा हात सोडून नमस्कार करायला लागले.

आता ही बाई काय करत होती, ते नीट ध्यानात घ्या. ज्याचं मन म्हणतं पडून राहा, त्यानं उठायचं. ज्याला वाटतं कशाचाच उपयोग नाही, त्यानं पायात चप्पल घालायची. तापाच्या माणसाला निदान बरं व्हावंसं तरी वाटतं. या दुखण्यात तेसुद्धा वाटत नाही. तरी ती रोज उठायची. मॅडमला मनात शिव्या घालायची, रस्त्याला शिव्या घालायची, अन् चालायची. थंडीचे दिवस होते. दोन्ही बाजूला तूर उभी असायची, नाकातून वाफ निघायची. सुरुवातीला पाय चिखलातून उपसल्यासारखे यायचे, अन् अर्ध्या वाटेत ती मैलाच्या दगडावर बसून राहायची. पण बसली तरी पुन्हा उठून फाटा गाठायची. पहिलवानाला फेटा बांधतात, शर्यतीच्या बैलाला गुलाल लावतात. बायनाबाईला कुणी काही बांधलं नाही, पण या रस्त्यावर तिच्याएवढं जोरकस माणूस कुणी चाललं असेल असं वाटत नाही.

अन् मग एका सकाळी उसाचा ट्रॅक्टर अगदी तिच्या अंगावरून गेला. कानाशी भोंगा वाजवून गेला. बायनाबाईनं मागं वळून कंबरेवर हात ठेवला अन् तोंड सोडलं. "आंधळ्या! तुझ्या बापानं रस्ता आंदण दिलाय का तुला? उतर खाली, तुझा भोंगा तुझ्याच गळ्यात बांधते!" त्या पोरानं खरंच ट्रॅक्टर थांबवला अन् उतरून माफी मागितली. पाण्याची मोटार सुरू करायला निघालेल्या महारुद्रनं शेताच्या बांधावरून ते ऐकलं. बायकोची शिवी ऐकून ज्याचे डोळे भरून आले, असा नवरा तुम्ही पाहिला नसेल. तो बांधावरच बसला अन् उपरण्यानं तोंड पुसत राहिला. त्या दिवशी शेताला पाणी उशिरा मिळालं.

उन्हाळा लागेपर्यंत बायनाबाई बाजारात दिसायला लागली. वांगेवाल्यानं तिला फुकट वांगी देऊ केली, तर तिनं ती फुकटची वांगीसुद्धा किडकी आहेत म्हणून परत केली. लोक म्हणाले, मारुती पावला. अन् याच दिवसांत बालाजीची सोयरीक जमली. गावातल्या केशरबाईनं जमवली. केशरबाईचं माहेर जिंतूरकडचं, अन् पोरगी अर्पिता तिच्या सख्ख्या भावाची. पोरगी शिकलेली, गव्हाळ, बोलकी. बालाजीला पहिल्या भेटीतच आवडली. दोघांनी एकमेकांचे नंबर घेतले, अन् बालाजी दुकानात मोटारीची तार गुंडाळता गुंडाळता कानाला फोन लावून लाजायला लागला. सुपारी फोडायची तारीख आठ दिवसांवर आली.

त्याच आठवड्यात शनिवारी बायनाबाई चालत फाट्यावर पोचली, तर मारुतीपुढं केशरबाई उभी. सोबत तिची सून राजेश्री. चार-पाच महिन्यांची बाळंतीण पोरगी, पण पायात चप्पल नाही, डोळे खोल गेलेले, उन्हानं ओठ सुकलेले.

"बरं झालं भेटलात, बायनाबाई," केशरबाई म्हणाली. "तुमाला पावला, तर म्हणलं आमच्या हिला बी पावंल. लेकरू झाल्यापासून ही बोलंना, हसंना, लेकराकडं बी बघंना. आता तुमच्यावाणी नवस बोललाय हिच्या नावानं. रोज अनवाणी यायचं, अन् दर्शन होईस्तोवर पाण्याचा थेंब न्हाई."

ती पूजेचं ताट घेऊन गाभाऱ्याकडं वळली. राजेश्री तिथंच उभी राहिली. मग बायनाबाईच्या जवळ सरकून, कुणाला ऐकू जाणार नाही असं ती बोलली. "मावशी, देव तुमचं ऐकतो ना? मग त्याला सांगा, मला ने म्हणावं. लेकराला दुसरी चांगली माय भेटू दे."

हे बोलणं बायनाबाईच्या ओळखीचं होतं. परातीतल्या कोरड्या पिठापुढं बसून ती स्वतः हेच बोलली होती. या पोरीला तोच कापूस चढला होता, अन् सासू तिला उपाशी, अनवाणी मारुतीपुढं उभी करत होती, ती कशाच्या भरवशावर? महारुद्रनं पारावर मारलेल्या एका थापेच्या.

आता सांगावं, तर ते सांगायचं कुणाला? अर्पिताच्या सख्ख्या आत्याला. आदल्याच रात्री जेवताना महारुद्रनं हात जोडून म्हटलं होतं, "तेवढी सुपारी फुटू दे, मग काय त्या गावाला सांगायचं ते सांग." आठ दिवस. फक्त आठ दिवस गप बसायचं होतं. बायनाबाईच्या डोळ्यापुढं फोनवर लाजणारा बालाजी आला. मग तिनं राजेश्रीच्या तोंडाकडं बघितलं. ही पोरगी आठ दिवस थांबेल, असं तिला सांगणारं कुणी नव्हतं.

"केशरबाई," तिनं हाक मारली, ती अशी की देवळातल्या दोन-चार बाया वळल्या. "ताट खाली ठिवा अन् ऐका. नवस-बिवस काई न्हाई. मी या मारुतीला काई मागितलं न्हाई अन् त्यानं मला काई दिलं न्हाई. मला मनाचं दुखणं झालं होतं. डिप्रेशन म्हणत्यात त्याला. परभणीच्या डाक्टरीणबाईची गोळी खाते मी, आज बी खाऊनच आले. अन् चालते, कारण चालणं हे माझं औषध हाय. तुमच्या सुनेला तेच झालंय. तिला पाणी पाजा, खाऊ घाला, अन् डाक्टरकडं न्या. उद्या न्हाई, आज. तिला एकटी बी सोडू नका."

केशरबाईच्या हातातलं ताट तिरपं झालं अन् हळदीची वाटी कलंडली. "अन् हे आमाला आत्ता सांगायलाव? पोरगी पसंत करून झाल्यावर?"

"आदी सांगायला पायजे होतं. ते चुकलंच आमचं. पण ते भांडण माझ्याशी भांडा. पोरीला दवाखान्यात न्या."

केशरबाई सुनेचा दंड धरून निघून गेली. दुसऱ्या दिवशी जिंतूरहून निरोप आला, पोरीला अजून शिकायचं म्हणते. असा निरोप आला की काय समजायचं ते आपल्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. बालाजीचा फोन वाजायचा थांबला. तो मायला काही बोलला नाही, पण ताटावर बसायचा, खाली मान घालून जेवायचा अन् उठून दुकानाला जायचा. बोलला असता, भांडला असता तर बायनाबाईनं ऐकून घेतलं असतं. त्याचं ते गप राहणं तिच्या छातीवर बसलं. सकाळी डोळा उघडला अन् पुन्हा तेच वाटलं, झालं, उजाडलं. तिनं चादर तोंडावर ओढली.

महारुद्र उठला. सारी अक्कल मातीत गेली म्हणून तो बायकोवर चिडलेला होता, तीन दिवस धुसफुसत होता. पण तोंडावर ओढलेली ती चादर बघितली अन् त्याचा राग कुठल्या कुठं पळाला. त्यानं तिच्या चपला आणून खाटेपाशी ठेवल्या. "ऊठ, बालाजीचे माय. चल."

"आज न्हाई."

"आज मी बी येतो. सोयरीक गेली ती गेली, तुला जाऊ देत न्हाई मी."

ती उठली. महारुद्र धोतराचा सोगा धरून तिच्यामागं जवळजवळ पळत होता, अन् फाटा येईपर्यंत त्याचीच धाप लागली. त्या दिवसापासून कुणी विचारलं तर दोघंही खरंच सांगायचे, चालणं औषध आहे म्हणून. काही लोक हसले. काहींनी मान फिरवली. पण नवल असं की त्यानंतरही गाडी कुणी थांबवली नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी भर दुपारी केशरबाई दारात. आत ये म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच उभी. पदर डोक्यावर, तोंड घट्ट. "सोयरिकीचं काई बोलू नका माझ्याशी," ती म्हणाली. "पोरगी कालपासून भिंतीकडं तोंड करून पडलीय. मला भ्या वाटायलंय. तुमचा तो डाक्टर कुठं बसतो?"

भांडायला याहून बरी वेळ बायनाबाईला मिळाली नसती. पण तिनं आत जाऊन लुगडं बदललं, चपला घातल्या अन् म्हणाली, "पत्ता कशाला? मीच येते संगं." जेवायला घरी आलेला बालाजी आतून हे बघत होता. त्यानं न विचारता गाडी ठरवून दिली.

उत्तरा मॅडमनी राजेश्रीला औषध सुरू केलं. अंगावर पिणाऱ्या लेकराचा विचार करूनच दिलं. घरातल्यांनी काय सांभाळायचं ते केशरबाईला समोर बसवून सांगितलं, अन् शेवटी म्हणाल्या, अंगात थोडी ताकद आली की हिला रोज... अन् एकदम थांबून, जपून म्हणाल्या, चालायला न्या. पायी.

मग पूर्णेच्या रस्त्यानं सकाळी तिघी दिसायला लागल्या. पुढं बायनाबाई, तिच्यासोबत राजेश्री, अन् पाचपन्नास पावलं मागं केशरबाई. सुनेला एकटी सोडणार नाही म्हणून यायची, पण बायनाबाईशी बोलायची नाही. गुडघे दुखतात म्हणून तिनं मुलाचे जुने बूट घातले होते, नऊवारीवर, अन् त्यात चिंध्या कोंबल्या होत्या. राजेश्री मुकाट चालायची. पाच मिनिटं, मग दहा, मग त्याहून जरा जास्त. बायनाबाई तिला काही विचारायची नाही. तिला ठाऊक होतं, विचारलेलं किती टोचतं ते. ती आपली वाटेतल्या म्हशीला, खड्ड्याला अन् खड्डा न बुजवणाऱ्याला नावं ठेवत चालायची.

पावसाळ्याच्या मध्यावर एका सकाळी, पुलाच्या अलीकडं केशरबाईचा बूट पायातून निसटला, तोल गेला अन् बाई बदकन चिखलात बसली. बूट एकीकडं, चिंध्या एकीकडं. राजेश्रीनं मागं वळून बघितलं, अन् तिला हसू फुटलं. आधी नाकातून, मग तोंडावर हात ठेवून, मग आवरेनाच. सासू चिखलात बसलेली अन् सून भर रस्त्यावर पोट धरून हसतेय. एकदम तिच्या ध्यानात आलं, तशी ती घाबरून गप झाली.

केशरबाई तिच्याकडं बघतच राहिली. उठायचंही तिला सुचलं नाही. हळूच म्हणाली, "थांबलीस कामून? हस की, माय. अजून एकदा पडू का?"

तिचे डोळे वाहत होते अन् हात चिखलाचे होते, त्यामुळं पुसताही येईनात. बायनाबाईनं आपल्या पदरानं तिचं तोंड पुसलं. कित्येक महिन्यांनी त्या दोघी त्या दिवशी बोलल्या.

पण तुटलेली सोयरीक काही पुन्हा जुळली नाही. अर्पिताचं दिवाळीआधी दुसरीकडं लग्न झालं. बालाजीला नवी स्थळं येतात, अन् बायनाबाईनं आता नियमच करून टाकलाय. पाहुणे टेकले, चहाचे कप समोर आले, की ती हात जोडून सांगते, "चहा पिण्याआदी ऐका. मला डिप्रेशन झालं होतं. गोळी चालू हाय, रोज चालते, आता बरी हाय. पटत असंल तर पुढचं बोलू." पहिल्या घरचे लोक चहा अर्धा टाकून उठले. दुसऱ्या घरच्यांनी तर कपाला हातच लावला नाही. त्यांची गाडी वळणावर दिसेनाशी झाली, तशी बायनाबाई खाली बसली.

"बालाजी," ती म्हणाली, "माझ्यापायी तुझं नुकसान व्हायलंय रे."

बालाजी समोर येऊन बसला. "माय, त्या दिवशी मी जेवायला आलो होतो तवा तू काय बोलली होतीस, ध्यानात हाय तुला? मी ते कुणालाच सांगितलं न्हाई. पण रोज दुकानातून घरी येताना कोपऱ्यावर थांबून आदी घराचा कानोसा घ्यायचो, की आत काय बघावं लागतंय." त्यानं पाहुण्यांच्या कपांचा ट्रे जवळ ओढला. "बायको काय, आज न्हाई तर उद्या भेटंल. माय गेली होती माझी. ती आलीय."

बायनाबाईनं नुसता त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. बालाजीनं पाहुण्यांचा कप उचलून तोंडाला लावला अन् चहा गार झालाय म्हणून कुरकुर केली.